टपाल तिकिटांवरची मराठी माणसं: सोळा पानांत कुणाला घ्यायचं, कोणत्या क्रमाने?

खाडीकाठ (ऐरोली)

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा मखराचा खर्च आटोपता घेऊन मुलांकडून एक प्रदर्शन मांडून घ्यायचं ठरलंय. सहावी ते नववीची मुलं आहेत. विषय त्यांनीच निवडला: भारताच्या टपाल तिकिटांवरची मराठी माणसं. आमच्याच इमारतीतल्या एका आजोबांनी त्यांचा संग्रह मोकळ्या मनाने वापरायला दिलाय.

तिकिटांच्या प्रदर्शनात एका फ्रेममध्ये ए-फोर आकाराची सोळा पानं लागतात, तसंच करायचा विचार आहे. मुलांनी काढलेली यादी अशी: शिवाजी महाराज, टिळक, गोखले, डॉ. आंबेडकर, जोतिराव फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, धोंडो केशव कर्वे, दादासाहेब फाळके, विनोबा, गाडगेबाबा, नामदेव, तुकाराम, भीमसेन जोशी, सचिन तेंडुलकर. म्हणजे पंधरा झाले.

दोन प्रश्न आहेत. सोळावं कोण? आणि पानं कोणत्या क्रमाने लावायची? जन्मसालाप्रमाणे लावली तर नामदेव पहिले आणि सचिन शेवटचा, हे सरळ आहे. काही पालकांचं म्हणणं संत, राज्यकर्ते, समाजसुधारक, कलाकार असे गट करा. जाणकारांनी सांगावं.

दातेरी_कड (नौपाडा, ठाणे)

विषय फार चांगला आहे. मी बरीच वर्षं व्यक्तींवरचीच तिकिटं जमवतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जन्मसालाचा क्रम लावू नका, गटही करू नका. तिकीट कधी निघालं त्या तारखेने पानं लावा. जन्मसालाने लावलेली फ्रेम इतिहासाच्या पुस्तकातच मिळते, त्यासाठी तिकिटं कशाला हवीत? तिकीट जे सांगू शकतं आणि पुस्तक सहसा सांगत नाही ते एवढंच, की आपल्या देशाला कुणाची आठवण केव्हा झाली.

एक जोडी देतो. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८. पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८. दोघांत पाच दिवसांचं अंतर. दोघांचंही काम विधवांसाठी आणि स्त्रीशिक्षणासाठी. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची एक वाट शारदा सदनाच्या दारातून जाते, असं म्हणायला हरकत नाही.

आता तिकिटं बघा. १८ एप्रिल १९५८ ला कर्व्यांच्या शंभराव्या वाढदिवशी त्यांचं तिकीट निघालं, त्याच वर्षी त्यांना भारतरत्नही मिळालं. पंडिता रमाबाईंचं तिकीट निघालं १९८९ मध्ये. पाच दिवसांनी धाकट्या बाईंना एकतीस वर्षं थांबावं लागलं.

जन्मसालाने लावलंत तर ही दोघं शेजारीशेजारी बसतील आणि मुलांना काहीच दिसणार नाही. तिकिटाच्या तारखेने लावलंत तर मध्ये अख्खी ओळ येते आणि ‘असं का?’ हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. तुमच्या यादीत रमाबाई नाहीत. सोळावं पान त्यांचं करा.

वैशाली_नेरुळ

दातेरी_कड, जोडी लक्षात राहण्यासारखी आहे. पण मी शाळेत शिकवते, म्हणून मुलांच्या बाजूने बोलते. सातवीतल्या मुलाला १९५६ नंतर १९५८, मग एकदम शिवाजी महाराज १९६१, मग गोखले १९६६, असं वाचताना काळाचं भानच राहणार नाही. टिळक आधी आणि शिवाजी महाराज नंतर? मंडपात येणारी माणसं दोन मिनिटं थांबतात. त्यांना सरळ दिसलं पाहिजे.

शिवाय तिकीट उशिरा निघालं म्हणजे देश विसरला, हे मला पटत नाही. तिकिटं जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या हिशोबाने निघतात. टिळकांचं तिकीट २३ जुलै १९५६ ला, जन्मशताब्दीला. गोखल्यांचं ९ मे १९६६ ला, जन्मशताब्दीला. बाबासाहेबांचं १४ एप्रिल १९६६ ला, पंचाहत्तराव्या जयंतीला. जोतिरावांची जन्मशताब्दी १९२७ मध्येच होऊन गेली होती, तेव्हा तिकिटावर इंग्लंडचा राजा होता. मग त्यांचं तिकीट १९७७ मध्ये, जन्माच्या दीडशेव्या वर्षी आलं. पंचांगाचा हिशोब आहे हा, मानापमानाचा नाही.

दातेरी_कड

वैशालीताई, पंचांगाचा मुद्दा रास्त आहे आणि तो फ्रेममध्ये आलाच पाहिजे. प्रत्येक पानावर ‘निमित्त’ अशी एक ओळ मुलांना लिहू द्या. पण त्याच हिशोबाने पुढे जाऊ या. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. दीडशेवं वर्ष १९८१ मध्ये आलं. तिकीट १० मार्च १९९८ ला निघालं, त्यांच्या पुण्यतिथीला. जोतिरावांच्या बाबतीत दीडशेवं वर्ष चाललं, सावित्रीबाईंच्या बाबतीत नाही. पंडिता रमाबाईंची जन्मशताब्दी तर कर्व्यांच्याच आठवड्यात होती.

म्हणजे पंचांगाने संधी दोघांनाही दिली होती. ती घेतली कुणासाठी, हे माणसांनी ठरवलं. माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि अन्याय झाला एवढंच दाखवायचं नाहीये. रमाबाई रानडे यांचं तिकीट १५ ऑगस्ट १९६२ ला निघालं, जन्मशताब्दीच्या निमित्ताने. तेही दिसू द्या. क्रम खरा ठेवला की दोन्ही बाजू आपोआप दिसतात.

मीनल_पनवेल

वासुदेव बळवंत फडके यादीत का नाहीत? जन्म शिरढोणचा, ४ नोव्हेंबर १८४५. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की शिरढोण येतं, नवी मुंबईच्या मुलांसाठी तासाभराचा प्रवास. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ ला गेले. तिकीट १९८४ चं आहे. विनोबाही आपल्याकडचेच, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, त्यांचं तिकीट १९८३ चं. रायगडाची दोन माणसं लागोपाठच्या दोन वर्षांत.

मुलांना शिरढोणला घेऊन जा. ज्या माणसाचं तिकीट चिमट्याने धरलं, त्याचं गावही पाहिलं, तर ते मूल विसरणार नाही.

घोडबंदर_रोड

मस्त धागा. एक शंका. सचिनच्या वेळी पेपरात वाचलं होतं की मदर तेरेसा यांच्यानंतर जिवंतपणी तिकीट मिळालेला तो दुसराच भारतीय. पण वर कर्व्यांचं तिकीट त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी निघालं असं लिहिलंय, मग हे कसं?

दुसरं, आमच्या सोसायटीच्या संस्थापक अध्यक्षांचा फोटो असलेलं तिकीट आम्ही पोस्टातून छापून घेतलं होतं. तसं तुमच्या एखाद्या जुन्या रहिवाशाचं घालता येईल का?

दातेरी_कड

पेपरातली ती ओळ तेव्हा सगळीकडे फिरली, पण ती बरोबर नाही. जिवंतपणी तिकिटावर आलेले पहिले भारतीय म्हणजे महर्षी कर्वेच, १९५८. त्यानंतर विश्वेश्वरय्या, १५ सप्टेंबर १९६० ला, तेही शंभरीच्या निमित्ताने. मग राजेंद्रप्रसाद १९६२ मध्ये, राष्ट्रपतिपदावरून निवृत्त होताना. मदर तेरेसा १९८० मध्ये. सचिन १४ नोव्हेंबर २०१३ ला, वानखेडेवरच्या दोनशेव्या कसोटीच्या वेळी. मुरूडच्या कोकणी मास्तरांपासून वांद्र्याच्या सचिनपर्यंत ही ओळ जाते, मुलांना नक्की आवडेल.

माय स्टॅम्प मात्र या फ्रेममध्ये घालू नका. ती योजना २०११ च्या दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळी सुरू झाली. बारा तिकिटांच्या पानाला ३०० रुपये भरले की तिकिटाशेजारच्या मोकळ्या जागेत आपला फोटो छापून मिळतो. पत्रावर लावता येतं, आठवण म्हणून छान आहे. पण तो देशाने केलेला गौरव नव्हे. २०२० मध्ये कानपूरला कुणीतरी गुंडांचे फोटो देऊन अशी तिकिटं छापून घेतली आणि मोठा गदारोळ झाला, तो याच योजनेतला. मुलांना हा फरक आधीच समजावून द्या, कारण मंडपात कुणीतरी हमखास विचारणार.

निवृत्त_टपाल (कळवा)

चर्चा वाचून राहवलं नाही. माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, त्यातला मोठा काळ काउंटरवर.

व्यक्तींची निवड कशी होते यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून सांगतो. प्रस्ताव कुणीही पाठवू शकतं: संस्था, कुटुंबीय, एखादा साधा नागरिकही. खात्याची फिलाटेलिक सल्लागार समिती त्यावर विचार करते, शेवटचा शब्द मंत्रालयाचा. प्रस्तावात त्या माणसाचं काम, निमित्त, तारीख, चांगली छायाचित्रं हे सगळं वेळेत आणि व्यवस्थित द्यावं लागतं. ज्यांच्या मागे संस्था उभी आहे, अनुयायी आहेत, कागदपत्रं सांभाळणारं कुणी आहे, त्यांचे प्रस्ताव नीट तयार होतात. ज्यांच्या मागे कुणी नाही, त्यांच्यासाठी मागणारंच कुणी नसतं. दातेरी_कड म्हणतात त्या उशिरामागे हेही कारण असतं. दिल्लीत बसून कुणीतरी नाकारलं असंच दर वेळी होत नाही.

आता माझ्याकडून एक नाव. तुम्ही सगळे ठाणे-नवी मुंबईचे आणि यादीत एकही ठाणेकर नाही. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्याचा, १८४८. सुरुवातीला रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले. जोतिरावांच्या सत्यशोधक चळवळीतले ते बिनीचे कार्यकर्ते, १८८० पासून ‘दीनबंधू’ त्यांनी चालवलं. १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारला दिलं. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा त्यातल्या मागण्या. १० जून १८९० ला गिरण्यांना रविवारची सुटी मंजूर झाली. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेगनेच गेले.

तिकीट ३ मे २००५ चं. माझ्या काउंटरवर त्या तिकिटांची छापील पानं आली होती. लोक पाकिटाला चिकटवून जात, आणि ‘हे कोण?’ असं विचारणारा क्वचितच भेटे. मी सांगत असे. मला या तिकिटाचं फार अप्रूप आहे.

खाडीकाठ

काका, तुमचा प्रतिसाद मुलांना मोठ्याने वाचून दाखवला. लोखंड्यांचं नाव त्यांच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं. ‘रविवारची सुटी ठाण्याच्या माणसाने मिळवून दिली?’ असं म्हणून दोघंतिघं आजोबांचा अल्बम चाळायला पळालीच. तिकीट मिळालं, पण पाकिटाच्या तुकड्याला चिकटलेलं आहे. कसं सोडवायचं?

दातेरी_कड

घाई करू नका, ओढून तर मुळीच काढू नका. तिकिटाभोवती बोटभर जागा ठेवून पाकिटाचा तुकडा कापा. पसरट ताटलीत कोमट पाणी घ्या, गरम नको. तुकडा तिकीट वरच्या बाजूला ठेवून पाण्यावर सोडा. पंधरा-वीस मिनिटांत डिंक सुटतो आणि तिकीट आपसूक सरकतं. सरकत नसेल तर अजून थांबा. सुटल्यावर मागचा चिकटपणा जाईपर्यंत स्वच्छ पाण्यात एकदा बुडवा, चिमट्याने उचला आणि टीपकागदावर पालथं ठेवा. अर्धवट वाळलं की दुसऱ्या टीपकागदात घालून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा, नाहीतर कडा वळतात.

पाकीट लाल, पिवळं किंवा खाकी असेल तर वेगळी ताटली घ्या, रंग सुटून तिकिटाला लागतो. आणि शिक्का छान, वाचता येईल असा पडला असेल तर सोडवूच नका, तुकड्यासकट ठेवा. ठाण्याचा शिक्का असलेलं लोखंड्यांचं तिकीट मिळालं तर ते कोऱ्या तिकिटापेक्षा माझ्या दृष्टीने मोलाचं.

पावसाळा चालू आहे म्हणून आणखी एक. ठाण्याच्या हवेत कोऱ्या तिकिटांचा डिंक ओल धरतो आणि पानाला चिकटून बसतो, मग तांबूस ठिपके पडतात. अल्बम उभा ठेवा, आडवा रचून ठेवू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कसर लागते ती वेगळीच. पीव्हीसीचे स्वस्त पाउच वापरू नका, वर्षा-दोन वर्षांत ते तिकिटाचा रंग खातात.

घोडबंदर_रोड

हे सगळं जमवायला खर्च किती येईल? मुलांकडे नसलेली तिकिटं विकत घ्यावी लागतील ना?

निवृत्त_टपाल (कळवा)

फार नाही. ही तिकिटं लाखांच्या संख्येने छापलेली असतात, प्रत्येक तिकिटासोबत निघणाऱ्या माहितीपत्रकात छपाईचा आकडाही दिलेला असतो. सत्तरच्या दशकानंतरची बहुतेक तिकिटं फोर्टातल्या विक्रेत्यांकडे किरकोळ भावात मिळतात. नवी हवी असतील तर मुंबई जीपीओतला फिलाटेलिक ब्यूरो आहेच. २०० रुपये भरून ठेव खातं उघडलं की नवीन तिकिटं घरपोच येतात.

पालकांसाठी सांगतो, सहावी ते नववीच्या मुलांसाठी खात्याची दीनदयाळ स्पर्श नावाची शिष्यवृत्ती २०१७ पासून आहे. वर्षाला ६००० रुपये. शाळेच्या फिलाटेली क्लबचा सभासद किंवा मुलाच्या नावाचं ठेव खातं हवं, लेखी परीक्षा आणि एक प्रकल्प असतो. तुमची ही फ्रेम तयार झाली की प्रकल्पाची अर्धी तयारी झालीच.

महागडं एकच प्रकरण, १९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं. ते तुमच्या विषयात बसत नाही, पण कुणीतरी ‘आमच्याकडे आहे’ म्हणून आणून देईल, म्हणून सावध करतो.

दातेरी_कड

काकांच्या इशाऱ्यात भर घालतो. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. भारताची बाकीची तिकिटं नाशिक रोडला छापली जात, ही मात्र स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हॉझिए यांच्याकडे फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापली. त्या काळी दहा रुपये एका तिकिटाला घालणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून कोरी तिकिटं कमी उरली आणि नकली भरपूर आली. भिंगाखाली नकलीवर बहुधा ऑफसेटचे ठिपक्यांचे पुंजके दिसतात. त्यावर ‘सर्व्हिस’ असा ठसा मारलेली १०० तिकिटं गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी केली होती, त्यातली चारांची पट्टी २०१७ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्याने पाच लाख पौंडांना विकली. कुणी हे ‘सर्व्हिस’वालं तिकीट दाखवायला आणलंच, तर मुलांना दुरून बघू द्या आणि फ्रेममध्ये लावू नका.

वैशाली_नेरुळ

लोखंड्यांवरून मी विचार करत होते. क्रमाबद्दल माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण एक मधला मार्ग सुचतो. पानं तिकिटाच्या तारखेने लावा, पण प्रत्येक पानाच्या खाली एक सरळ रेघ काढा, १२५० पासून आजपर्यंत. त्या रेघेवर त्या व्यक्तीचा काळ लाल रंगात आणि तिकिटाचं साल निळ्या रंगात. नामदेवांच्या पानावर लाल आणि निळ्यात सहाशेहून जास्त वर्षं दिसतील, कर्व्यांच्या पानावर निळा ठिपका लाल पट्टीच्या आतच येईल, कारण ते तेव्हा हयात होते. मंडपात दोन मिनिटं थांबणाऱ्यालाही कळेल, आणि मुलांना काळाचं भानही राहील.

आणखी एक सुचवते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे, चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय बत्तीस. तिकीट?

दातेरी_कड

रेघेची कल्पना उत्तम आहे ताई, माझ्या स्वतःच्या पानांवरही मी ती वापरेन.

कोटणीसांचं सांगतो, आणि यावर थोडं थांबलंच पाहिजे. चीनने त्यांच्यावर दोन तिकिटं काढली १९८२ मध्ये, चाळिसाव्या पुण्यतिथीला. आपण काढलं ९ डिसेंबर १९९३ ला. आपल्या सोलापूरच्या डॉक्टरला आपल्याआधी अकरा वर्षं दुसऱ्या देशाने तिकिटावर आणलं. मधे १९६२ चं युद्ध झालं होतं, दोन्ही देशांचे संबंध कडवट होते, हे धरूनही चीनने ते केलं. चिनी जोडी फार महाग नाही. मिळाली तर भारताच्या तिकिटाच्या वर, त्याच पानावर लावा. मुलांना सांगायची गरजच पडणार नाही, दोन सालं शेजारी असतील.

अशी उलटी उदाहरणंही आहेत. गांधीजींना परदेशात पहिल्यांदा अमेरिकेने तिकिटावर आणलं, २६ जानेवारी १९६१ ला. ज्यांच्याविरुद्ध ते लढले त्या ब्रिटनने १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला. त्या तिकिटाचं चित्र बिमन मलिक या भारतीय चित्रकाराने काढलं होतं. ब्रिटनच्या तिकिटावर तोवर राजघराण्याबाहेरचा परदेशी माणूस आलाच नव्हता.

मीनल_पनवेल

आणखी एक लक्षात आलं, दातेरी_कड यांनी खात्री करावी. जोतिराव आणि सेनापती बापट यांची तिकिटं एकाच दिवशी निघाली होती ना?

दातेरी_कड

हो, २८ नोव्हेंबर १९७७. जोतिरावांची पुण्यतिथी २८ नोव्हेंबर १८९०, सेनापतींची २८ नोव्हेंबर १९६७. दोघांची तारीख एक, म्हणून तिकिटंही एका दिवशी. एका पानावर जोडी म्हणून लावा. त्याच न्यायाने १९६६ मध्ये बाबासाहेबांचं १४ एप्रिलला आणि गोखल्यांचं ९ मेला, महिन्याच्या आत. घटना लिहिणारा माणूस आणि नेमस्तांचा पुढारी एकाच उन्हाळ्यात तिकिटावर आले. या दोघांना एक पान दिलंत तर जागाही वाचेल.

आणि मीनलताई, फडके यांचं पान हवंच. त्यांच्यावर कुणाचं दुमत व्हायचं कारण नाही.

निवृत्त_टपाल (कळवा)

जागा वाचवायचीच आहे तर ठाण्याचं आणखी एक बसवा. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट, तिकीट १९९१ चं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, त्या रेल्वे कंपनीच्या उभारणीत नानांचा हात मोठा. १९५३ मध्ये रेल्वेच्या शताब्दीचं दोन आण्यांचं तिकीट निघालं, ते माणसाचं नसलं तरी त्याच पानावर खाली लावायला नियमांची आडकाठी नाही. ठाणे स्टेशनवरून रोज ये-जा करणाऱ्याला ते पान आपलं वाटेल.

जोतिराव-बापट यांची १९७७ ची कोरी जोडी माझ्याकडे आहे, माहितीपत्रकासकट. मुलांसाठी देतो, परत नको.

खाडीकाठ

काका, मनापासून आभार. काल मुलांची बैठक झाली, मोठा वाद झाला आणि ठरलं ते असं.

क्रम तिकिटाच्या तारखेने, प्रत्येक पानाखाली वैशालीताईंची लाल-निळी रेघ, आणि ‘निमित्त’ची ओळ. टिळक १९५६ पहिलं पान. मग कर्वे, शिवाजी महाराज, रमाबाई रानडे. १९६६ ची जोडी एका पानावर. नामदेव १९७० आणि फाळके १९७१ एका पानावर, मग जोतिराव-बापट, शाहू महाराज १९७९. विनोबा आणि फडके एका पानावर, दोघंही रायगडचे म्हणून. त्यानंतर पंडिता रमाबाई, शंकरशेट रेल्वेच्या तिकिटासह, कोटणीस चीनच्या जोडीसह. १९९८ चं पान सावित्रीबाई आणि गाडगेबाबा यांचं. तुकाराम २००२, लोखंडे २००५, आणि शेवटी सचिन २०१३. सोळा झाली. भीमसेनजींना जागा उरली नाही, यावर एका मुलीला रडू आलं. ती गाणं शिकते. तिला सांगितलं की २०१४ चा संगीतकारांचा संच आणि २०१५ नंतरच्या नित्याच्या तिकिटांमधलं भीमसेनजींचं छोटं तिकीट मिळून तिने वेगळं पान करावं, ते फ्रेमच्या बाहेर, हार्मोनियमच्या टेबलावर लावू.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त भांडण कशावरून झालं असेल, तर कर्वे आणि पंडिता रमाबाईंच्या मधल्या पानांवरून. एकाचं म्हणणं दोघांमध्ये दोरा बांधू या, म्हणजे येणाऱ्याला अंतर दिसेल. आठवीतल्या मुलीचं म्हणणं, दोरा नको, बाईंच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘जन्म: कर्व्यांनंतर पाच दिवसांनी’ एवढंच लिहायचं. तिचंच मान्य झालं.

कमी आहेत ती रमाबाई रानडे १९६२, शाहू महाराज आणि चीनची जोडी. कुणाकडे जादा असतील तर विकत घेऊ.

दातेरी_कड

शाहू महाराज माझ्याकडे दोन आहेत, एक तुमचं. रमाबाई रानड्यांचं वापरलेलं आहे, शिक्का थोडा जड पडलाय पण चेहरा मोकळा आहे. चिनी जोडीसाठी फोर्टात एकाला सांगून ठेवतो.

पानांचा कागद पांढराशुभ्र घेऊ नका, फिकट मलईरंगाचा जाड घ्या, १६० जीएसएमच्या आसपासचा. कोऱ्या तिकिटांना पारदर्शक माउंट (तिकीट आत सरकवायचं पाकीट), वापरलेल्यांना हिंज (डिंक लावलेली छोटी कागदी पट्टी) चालेल. माउंट तिकिटापेक्षा दोन मिलिमीटर मोठा कापा, दातेरी कडा दबता कामा नयेत. मजकूर आधी छापा, तिकीट सगळ्यात शेवटी लावा.

निवृत्त_टपाल (कळवा)

रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच आहे, मुलांना घेऊन या. जोडीबरोबर लोखंड्यांचं माहितीपत्रकही देतो, मजकूर त्यातूनच घ्या. आणि मंडप उघडा असेल तर फ्रेमला पुढून काच किंवा अ‍ॅक्रिलिक लावा, निरांजनाच्या धुराने आणि दमट हवेने दहा दिवसांत कागद खराब होतो. समईपासून लांब, आतल्या भिंतीला लावा.